अंजनीचे झाड बुटके का?

आपल्या महाबळेश्वरच्या डोंगरावर पावसाळ्यात ढगच खाली उतरतात. आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. एवढे पाणी पिऊन झाडे ताडमाड वाढायला हवीत. पण सड्यावरची अंजनी, जांभूळ, पिसा बघा. वाकडी आणि बुटकी! मला वाटायचे, हे वाऱ्यामुळेच. वारा आहेच, पण गुरुजी म्हणाले, "मुळाशी काय आहे तेही बघून ये."

मी आणि माझा भाऊ पहार घेऊन गेलो. एकाच उतारावर, वीस पावलांच्या अंतरावर अंजनीची दोन झाडे आहेत. दोघांना वारा तोच, धुके तेच. पहिल्याजवळ पहार वीतभर गेली आणि ठणकन वाजली. खाली जांभा दगड. दुसऱ्याजवळ दगडाला मोठी भेग आहे, तिच्यात माती साठली आहे. तिथे पहार हातभर गेली तरी दगड लागला नाही. पहिले झाड माझ्या डोक्याएवढे. दुसऱ्यावर भाऊ चढून बसला. पहिल्याचे पान लहान, जाड, दुमडले की कडकन मोडते. दुसऱ्याचे रुंद.

गुरुजींनी समजावले ते असे. आपला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वरचा काळा दगड ऊनपावसाने झिजत झिजत जांभा झाला. चुना, पोटॅश असे झाडाला लागणारे क्षार पाण्याबरोबर वाहून गेले. लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. लोखंडामुळे तो तांबडा. त्यावरच्या पातळ मातीत पावसाळ्यात पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही. वैशाखात तीच माती कोरडी ठणठणीत. दोन्हीकडून हाल! अशा जागी सारखी नवी पाने करणे झाडाला परवडत नाही. म्हणून ते चिवट पान करते आणि पुष्कळ दिवस टिकवते. (आमची आई जुन्याच दप्तराला ठिगळ लावते, तसे.) वाढ हळू, त्यामुळे लाकूडही घट्ट. अंजनीवर कुऱ्हाड कशी उडते हे पालकांना सांगायला नको.

मग झाड जेवते काय? बरेचसे स्वतःचाच पाला. तो कुजला की त्यातले क्षार मुळे वरच्यावर परत घेतात.

इथे माझी पंचाईत झाली. तोच पाला आम्ही राबासाठी गोळा करून आणतो. घरी बाबांना सांगितले. ते म्हणाले, "राब न्हाई भाजला तर नाचणीचा तरवा कुठनं व्हायचा? खायाचं काय?" मला उत्तर आले नाही. गुरुजींनाही पटकन आले नाही. दोन दिवसांनी बाबाच म्हणाले, "आधी बांधावरचा पाला, गवत घेऊ. कमी पडलं तरच सड्यावर जाऊ."

त्या बुटक्या झाडाभोवती आम्ही दगड मांडले आहेत. आतला पाला यंदा उचललेला नाही. एका वर्षात माती वाढत नाही, असे गुरुजी म्हणतात. तरी झाडाच्या उंचीची खूण मी काठीवर केली आहे. काठी वर्गात, फळ्यामागच्या कोपऱ्यात आहे. पालकांनी बघावी.