छायाचित्रमालेतून कथाकथन

सुटे छायाचित्र प्रसंग दाखविते. कथा उभी राहते ती चित्रांच्या क्रमातून. अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ हे १९४८ साली कोलोरॅडो राज्यातील क्रेमलिंग गावी २३ दिवस तेथील एकमेव डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी यांच्या मागोमाग हिंडले. डॉक्टरांस सवय व्हावी म्हणून आरंभी ते कॅमेऱ्यात फिल्म न घालताच कळ दाबीत! ती चित्रमाला त्याच वर्षी सप्टेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली.

तीतील एक प्रसंग वर्गात अवश्य सांगावा. घोड्याची लाथ लागलेली चिमुरडी आणली आहे. डॉक्टर जखम शिवतात. नंतर त्यांची थकलेली मुद्रा दिसते. मुलीचा डोळा वाचणार नाही, हे आईबापांस कसे सांगावे, ही विवंचना तीवर आहे. हेच चित्र प्रथम ठेविले असते, तर तो केवळ एक दमलेला मनुष्य वाटला असता.

अभ्यासासाठी गावातील कुंभाराचा एक दिवस निवडावा. त्याची अनुमती आधी घ्यावी. शिक्षकाच्या मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे. तोही नसल्यास मुलांनी पेन्सिलीने सहा चित्रे काढावीत. फुटलेल्या मडक्याचे चित्र आरंभी ठेवावे की शेवटी, यावर मुलांत वाद झाल्यास तो होऊ द्यावा.