पांढरे काळवीट

ज्याच्या नावातच काळा रंग आहे, ते काळवीट पांढरे असू शकेल काय? प्रश्न चमत्कारिक वाटतो. परंतु अशी काळविटे क्वचित जन्मास येतात. त्यांचे रहस्य आपण थोडक्यात पाहू.

आपल्या निपाणी-बेळगावावरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग धारवाड, हुबळी, हावेरी मागे टाकून राणेबेन्नूरला पोहोचतो. तेथे काळविटांसाठी १९७४ साली अभयारण्य स्थापन झाले. काळविटांच्या कळपात माद्या व पाडसे पिवळसर तपकिरी दिसतात. नराची पाठ मात्र तो वयात येऊ लागला की शरीरातील अंतःस्रावांमुळे काळवंडत जाते. हा रंगभेद नित्याचाच होय.

पांढरेपणाचे कारण निराळे आहे. कातडी व केस यांस रंग देणारे द्रव्य शरीरात तयारच झाले नाही, तर प्राणी वर्णहीन होतो व त्याचे डोळे गुलाबी दिसतात. काहींच्या केसांत रंग नसतो, परंतु डोळे काळेच राहतात. म्हणून पांढरा प्राणी दिसताच आपण प्रथम त्याचे डोळे पाहावेत.

वर्णहीनतेचा हा गुण आईबापांच्या अंगी गुप्त राहू शकतो. दोघांकडूनही तो पाडसाकडे आला, तरच तो प्रकट होतो. असा गुप्त गुण बाळगणाऱ्या तपकिरी मादीच्या व काळ्या नराच्या पोटी पांढरे पाडस जन्मण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. म्हणजे पांढरे काळवीट ही निराळी जात नव्हे, की शुभाशुभाचा संकेतही नव्हे.

मग रानात ते इतके विरळ का? काळविटाची सारी भिस्त तीक्ष्ण नजरेवर आणि वेगावर. वर्णहीन प्राण्याची नजर अधू असते. शिवाय पिवळ्या गवतात पांढरे अंग लांडग्याच्या दृष्टीस चटकन पडते.

कुंपणात हे भय नसते. तेथे पांढऱ्या रंगाच्या हौसेने जवळच्या नात्यातील नर-माद्यांची पैदास केली, तर रंगाबरोबर इतर गुप्त दोषही उघडे पडतात व वंश दुबळा होतो. म्हणून अशी पैदास म्हणजे काळविटांचे रक्षण नव्हे.

खरे रक्षण मोकळ्या माळावरच होईल. ज्या माळाला आपण सहज 'पडीक' म्हणतो, तेच काळविटांचे घर आहे. माळ तुटला की कळप एकमेकांपासून दुरावतात आणि नात्यातच वंश वाढू लागतो. माळ राखला, तर काळे, तपकिरी आणि क्वचित एखादे पांढरे, अशी सारीच काळविटे तेथे सुखाने चरतील.