वर्ग एक, शिकण्याच्या वाटा अनेक

शाळाभेटीस गेलेला अधिकारी प्रथम हजेरीपट मागतो, शिक्षकांचे टाचण पाहतो, मुलांना एकदोन प्रश्न विचारतो आणि शेरेपुस्तकात अभिप्राय लिहून पुढच्या गावाची वाट धरतो. पहिल्या रांगेतील चारपाच मुले खणखणीत उत्तरे देतात व ‘वर्गाची प्रगती समाधानकारक’ असा शेरा पडतो. भिंतीला टेकून बसलेल्या शेवटच्या मुलाला त्या दिवशी काय समजले, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. प्राथमिक शिक्षणाचे यश खरे तर त्या मुलावरूनच मोजले गेले पाहिजे.

कायद्याची अपेक्षा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता अजमावून त्यानुसार आवश्यक ते जादा अध्यापन करणे, हे या अधिनियमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. शक्य तेथवर अध्यापन मुलाच्या मातृभाषेतून व्हावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजेच सर्वांना एकच धडा एकाच गतीने शिकविला की काम संपले, असे मानता येणार नाही.

चुकीमागचे कारण शोधावे

वर्गनिरीक्षण करताना फळ्यापेक्षा मुलांच्या पाट्या व वह्या पाहाव्यात. समजा, तिसरीच्या वर्गात ४२ मधून १७ वजा करण्याचे उदाहरण दिले आहे. एका मुलीने २५ हे बरोबर उत्तर काढले. दुसऱ्या मुलाने ३५ लिहिले. तिसऱ्याची पाटी कोरीच आहे. दुसऱ्या मुलाला वजाबाकी येत नाही, असे म्हणणे घाईचे ठरेल. त्याने ७ मधून २ आणि ४ मधून १ वजा केला. मोठ्या अंकातून लहान अंक काढावा, एवढे त्याला ठाऊक आहे. दशक सोडवून त्याचे दहा सुटे करावयाचे, ही पायरी तेवढी राहून गेली आहे. त्याला आणखी दहा उदाहरणे घालून उपयोग नाही. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या त्याच्या हाती द्याव्यात. सतरा काड्या काढून देण्यासाठी एक गठ्ठा त्याला आपोआपच सोडावा लागेल. पहिल्या मुलीला या वेळी वजाबाकीची गोष्ट स्वतः रचावयास सांगता येईल.

कोरी पाटी असलेल्या मुलाला कदाचित फळ्यावरचे अंक दिसतच नसतील. तो डोळे बारीक करतो का, शेजाऱ्याच्या पाटीत डोकावतो का, पाठीमागून हाक मारल्यास वळून पाहतो का, हे पाहावे. त्याला पुढे बसविणे हा तात्काळ करावयाचा उपाय. नेत्र व श्रवण तपासणी हा त्यापुढचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद असून विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही त्यात समावेश आहे. तेव्हा अक्षरे सतत उलटसुलट वाचणाऱ्या हुशार मुलास आळशी ठरविण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

घरची भाषा, शाळेची भाषा

पालघरमध्ये वारली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया बोलणारी मुले शाळेत येतात. तांड्यावरील मूल आईचे चित्र पाहून ‘याडी’ म्हणते. शिक्षकाने ‘चूक’ म्हटले, तर ते पुन्हा तोंड उघडणार नाही. ‘बरोबर, याडी म्हणजेच आई’ असे म्हटले, तर एका शब्दाबरोबर ते मूलही शाळेचे होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी केलेले कार्य याच दिशेचे होते. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून तेथे अंगणवाडी व कुरणशाळा आकारास आल्या.

गावाची जबाबदारी

साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस कायद्याने दोन शिक्षक मिळतात. एका शिक्षकाकडे दोनतीन इयत्ता असल्या, की एका इयत्तेला शिकविताना दुसरीच्या हाती काय काम आहे, हे निरीक्षकाने अवश्य पाहावे. सगळा भार मात्र शिक्षकावर टाकणे न्याय्य नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची यादी समितीला आधीच ठाऊक असते. त्या मुलांची गावातच राहण्याची सोय लावणे, ती गेलीच तर परतल्यावर राहून गेलेला भाग भरून काढण्यास शिक्षकाला वेळ व साहाय्य देणे, वर्गात पुरेसा उजेड व बसण्यास जागा असणे, या गोष्टी पंचायत सदस्यांच्या आवाक्यातील आहेत.

यापुढे शाळेस भेट देणाऱ्याने किमान तीन मुलांजवळ बसावे: एक पुढचे, एक मधले व एक शेवटचे. प्रत्येकाला काय येते, कोठे अडते व त्यासाठी शिक्षकाने काय केले, हे शेरेपुस्तकात लिहावे आणि पुढील भेटीत प्रथम तीच नोंद उघडावी. ‘समाधानकारक’ हा शेरा त्यानंतरच शोभेल.