दोरीवरचे तीन मणी

अगं, इंटर्नशिप संपत आली की घरचे विचारणारच, ‘दुकान कधी टाकतेस?’ चार वर्षं बी.ऑप्टोम. केलं म्हणजे पुढे चष्मेच विकायचे, असा त्यांचा हिशोब. त्यात कमीपणा नाही, पैसाही लवकर दिसतो. पण तू व्हिजन थेरपीचं विचारलंस, म्हणून सांगते.

आधी रेटिनोस्कोपी आणि कव्हर टेस्टवर हात बसू दे. नंबर चुकलेला असताना व्यायाम सुरू करणं म्हणजे पाया न भरता स्लॅब ओतणं.

मग ब्रॉक स्ट्रिंग, म्हणजे तीन मण्यांची दोरी, घे आणि आधी स्वतःवर करून बघ. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाच्या शेंड्याला. मधल्या मण्याकडे बघितलंस की दोऱ्या दोन दिसायला हव्यात आणि त्यांची फुली नेमकी मण्यापाशी पडायला हवी. एकच दोरी दिसली, तर मेंदूने एका डोळ्याचं चित्र गाळलंय. फुली मण्याच्या अलीकडे पडली, तर डोळे गरजेपेक्षा जास्त आत वळतायत. आठ वर्षांच्या पोराकडून हे रोज करून घेणं मात्र कुठल्या सेमिस्टरला शिकवत नाहीत! तिथे आईला हाताशी धरावं लागतं.

त्याच आया विचारतील, ‘मार्क वाढतील ना?’ इथे जीभ सांभाळ. २००८ साली अमेरिकेत २२१ मुलांवर झालेली चाचणी वाच. जवळचं बघताना त्यांचे डोळे पुरेसे आत वळत नव्हते. बारा आठवडे क्लिनिकमध्ये थेरपी आणि जोडीला घरचा सराव, एवढ्यावर सुमारे ७३ टक्के मुलांना फरक पडला. नुसती पेन्सिल नाकाजवळ आणणाऱ्यांत ४३ टक्के, आणि खोट्या थेरपीतही ३५ टक्के! पुढे २०१९च्या चाचणीत वाचून समजण्यात मात्र खोट्या थेरपीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून मी सरळ सांगते, ‘डोळे नीट वळतील, मार्कांचं माझ्याकडे नाही.’ काही जणी उठून जातात. जाऊ देत.

मोठ्यांचं पुनर्वसन मला जास्त आवडतं. पक्षाघातानंतर डावी बाजू दिसेनाशी झालेले आजोबा ओळीच्या मधूनच वाचायला लागतात आणि ‘छापलंय काहीतरीच’ म्हणून वैतागतात. पेपरच्या डाव्या समासात लाल स्केचपेनने जाड रेघ ओढायची, ‘रेघ दिसेपर्यंत मान वळवा’ म्हणायचं. गेलेली नजर याने परत येत नाही, पण बातमी पूर्ण वाचून होते.

पुढे शिकायचं तर एम.ऑप्टोम. किंवा फेलोशिप कर. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद, चेन्नईची एलिट स्कूल, दोन्हीकडे चौकशी कर. सुरुवातीला नुसत्या थेरपीवर घर चालणार नाही, निम्मा आठवडा नंबर काढण्याचा ठेव.

आणि सुट्टीत माझ्या ओपीडीत येऊन बस. दोरी मी धरते, आयांशी तू बोलायचं.