वेग आणि त्वरण : सरकलेल्या शिरोरेषेचा धडा

तिगावात घरी जुळवलेल्या सीएनसी यंत्रावर मी एका शाळेची पाटी कोरत होतो. सागाच्या फळीवर ‘ति’ आणि ‘गा’ नीट उतरले. ‘व’ची शिरोरेषा मात्र खाली सरकली. फळी वाया गेली. नियंत्रकाच्या पडद्यावर सगळे आकडे बरोबरच दिसत होते.

कमाल वेग निम्म्यावर आणला, तरी रेषा सरकलीच. मग सरकलेले अंतर मोजले : १.६ मिलिमीटर. उलगडा या आकड्यातच होता.

स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे फेरीला १६०० पल्स. माझ्या यंत्रात एका फेरीत पट्टा ४० मिलिमीटर सरकतो. म्हणून १ मिलिमीटरला ४० पल्स. मोटरच्या वेटोळ्यांतील प्रवाहाची स्थिती दर चार पावलांनी पुन्हा तीच येते. त्यामुळे पकड सुटलेला रोटर पुन्हा स्थिरावतो, तो चार पावलांच्या पटीत चुकून. चार पावले म्हणजे ०.८ मिलिमीटर, १.६ ही त्याची दुप्पट. पट्ट्याचा एक दात निसटला असता, तर फरक २ मिलिमीटरचा पडला असता. म्हणजे पट्टा निर्दोष होता, मोटरच पावले चुकली होती. नियंत्रक पल्स पाठवतो. पाऊल खरोखर पडले का, हे पाहणारा डोळा या यंत्राला नाही.

पावले का चुकली? ‘यंत्र जोरात पळते’ असे आपण म्हणतो, तेव्हा वेग आणि त्वरण या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. तिगाव स्थानकाच्या पुढे चिचोंड्याकडे रेल्वेचा घाट आहे. भरलेली मालगाडी जागची हलते ती हळूहळूच. वेग तिला नंतर येतो. न्यूटनच्या नियमानुसार बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. त्यात वेग येत नाही. म्हणूनच वेग निम्मा करूनही मोटरवरचा सुरुवातीचा ताण तसाच राहिला.

माझे त्वरण सेकंदवर्गाला २५०० मिलिमीटर होते. अवजड गाडा सेकंदाला ५० मिलिमीटर वेग केवळ अर्ध्या मिलिमीटरात गाठणार, अशी ती अपेक्षा! त्वरण २५० केले. आता तोच वेग ५ मिलिमीटरांत, म्हणजे २०० पल्समध्ये येतो. पहिल्या पल्सला १४.१ मिलिसेकंद, दुसऱ्याला ५.९, तिसऱ्याला ४.५, पूर्ण वेगात प्रत्येकी अर्धा मिलिसेकंद. शाळेतल्या s = ½at² या सूत्रातून विद्यार्थ्यांना हे आकडे वहीत काढता येतील.

याची किंमतही आहे. थांबायलाही ५ मिलिमीटर लागतात. त्यामुळे १० मिलिमीटरपेक्षा लहान रेषेत पूर्ण वेग येतच नाही. वेलांट्या, मात्रा सावकाश कोरल्या जातात.

योग्य आकडा असा शोधावा : फळीवर खूण करून यंत्र पूर्ण वेगाने शंभर वेळा मागेपुढे पळवावे. टोक खुणेवर परतले, तर त्वरण थोडे वाढवावे. खूण चुकली, की तो आकडा लिहून त्याच्या निम्मा ठेवावा.

दुसऱ्या फळीवर ‘तिगाव’ची शिरोरेषा एका ओळीत आली.