पाच हजारांचा गेम

१. मागणारा पोरगा चोर नसतो.
लखनौच्या नाझा मार्केटात मी पीसी जोडून देतो. वडील मानकनगरला रेल्वेच्या आरडीएसओत होते, म्हणून आम्ही इथलेच झालो. बिल चुकतं केल्यावर पोरं हमखास म्हणायची, "भैया, दो-चार गेम भी डाल दीजिएगा." फेब्रुवारी २०२१मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तो ४९,९९० रुपयांना, आणि सोनीचे मोठे नवे गेम ४,९९९ला. बापाचा पगार २०,००० असेल तर एका गेमला पगाराचा चौथा हिस्सा. अमेरिकेतल्या किमतीचे, ७० डॉलरचे, रुपये होतात. इथल्या पगाराचे डॉलर कोणी करून देत नाही.

२. खर्च मात्र खरा आहे.
२०२३मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात सोनीची कागदपत्रं आकडे नीट न झाकता बाहेर आली. 'द लास्ट ऑफ अस भाग २'ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटींच्या वर. शेकडो माणसं, पाचेक वर्षं. तरीही मला वाटतं, गेम एवढा अवाढव्य करायचं कंपन्यांनीच ठरवलं. घोड्याच्या अंगावरचा एकेक केस दिसावा, असं गिऱ्हाइकानं कधी मागितलं नव्हतं.

३. फुकटचा गेम दुरुस्तीला येतो.
क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेला गेम, चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद केलेला असतो. मग त्यात लपून आलेल्या व्हायरसनं मशीन तापतं आणि ईमेलचा पासवर्डही जातो.

४. चाचेगिरीला उतार पडतो तो रास्त किमतीनं आणि चांगल्या मालानं.
पोलंडचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. १९९४मध्ये वॉर्सात दोन शाळासोबत्यांनी सीडी प्रोजेक्ट सुरू केली, तेव्हा तिथले बाजार नकली सीडींनी भरलेले होते. 'बाल्डर्स गेट' हा गेम त्यांनी १९९९मध्ये पोलिश भाषेत आणला, नावाजलेल्या नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा घातला. नकली सीडीत हे काहीच मिळत नव्हतं. लोकांनी पैसे मोजले, आणि पुढे याच कंपनीनं 'विचर' केला. आपल्याकडे स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानानं २०१५मध्ये रुपयांत भाव लावले, नंतर यूपीआय आलं. सेलमध्ये काही शेकड्यांत गेम मिळू लागला, तशी माझ्याकडची 'डाल दीजिएगा'ची मागणी बरीच ओसरली. हिंदी संवाद असते तर आणखी ओसरली असती.

५. चोरीचा मार छोट्यांना बसतो.
पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' केला. २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीची ठरलेली रक्कम जमली नाही, तरी त्यांनी काम सोडलं नाही. २०२०मध्ये गेम आला. दुर्गेचा वर लाभलेली मुलगी, पहाडी चित्रांसारखे रंग. असा गेम क्रॅक करून घेतला तर सोनीला काही कळतही नाही, पुण्यातल्या त्या छोट्या चमूचा पुढचा गेम मात्र अडतो. म्हणून पीसी हातात देताना मी पोरांना स्टीमची विशलिस्ट करून देतो. मोठ्यांचे गेम सेल लागेपर्यंत थांबून घ्या, 'राजी' मात्र पूर्ण किमतीला घ्या, असं सांगतो. बरेच जण घेतात.