ट्रॅकवर स्पोर्ट्‌स कार शिकायची, तर भोपाळहून खर्च किती?

नेहरू नगर आणि आसपासच्या भागात मोटारींचं वेड नवं नाही. मॅनिटसारखं इंजिनिअरिंग कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे आणि कॉलेजच्या मुलांनी बांधलेल्या बग्ग्यांची ‘बाहा’ स्पर्धा गेली कित्येक वर्षं आपल्याच राज्यात, पीथमपूरला भरत आली आहे. आता नोकरीला लागलेल्या मुलांच्या हातात थोडे पैसे आले की पुढचा प्रश्न येतो: एखादी पोर्शे किंवा लँबोर्गिनी खऱ्याखुऱ्या ट्रॅकवर चालवायला किती लागतील?

इथे दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. एक म्हणजे ‘अनुभव’: दोन-तीन फेऱ्या, शेजारी इन्स्ट्रक्टर, हेल्मेट घातलेला फोटो, संपलं. दुसरी म्हणजे शिक्षण. दोन्हींचे दर जवळ जवळ ठेवून पाहिले तर गल्लत होते, म्हणून मी एकच माप वापरतो: ट्रॅकवर स्टिअरिंग तुमच्या हातात असलेलं एक मिनिट किती रुपयांना पडलं. समजा, एखाद्या कार्यक्रमात ३०,००० रुपयांत महागड्या गाडीच्या तीन फेऱ्या मिळतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची, नवखा माणूस ती सुमारे अडीच मिनिटांत पुरी करतो. म्हणजे हातात आली साडेसात मिनिटं, मिनिटाला ४,००० रुपये. तेच एखाद्या शाळेत ४०,००० रुपयांच्या दिवसात ८० मिनिटं ट्रॅकवर मिळाली, तर मिनिट ५०० रुपयांना पडतं. आणि गो-कार्टचं दहा मिनिटांचं सेशन ७०० रुपयांना मिळालं, तर ७० रुपयांना.

माझं मत स्पष्ट आहे. शिकायचं असेल तर सुरुवात कार्टने करा. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे मागची चाकं सुटायला लागली की ते थेट कमरेला कळतं; पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तो इशारा तुमच्यापर्यंत पोचूच देत नाही. सुट्टीत महाराष्ट्रात गावी जाणाऱ्यांनी कोल्हापूर लक्षात ठेवावं. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि कार्टिंगची संस्कृतीही आहे. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत जाऊन पोचला. करमणुकीच्या भाडोत्री कार्टपेक्षा जिथे फेरीची वेळ मोजून छापील कागद हातात देतात, असा ट्रॅक निवडा. आठ-दहा सेशन म्हणजे साडेपाच ते सात हजार रुपये. या पैशांत आपल्याला हा नाद झेपतो का, आवडतो का, याचंही उत्तर मिळतं.

त्यानंतर शाळा. शिकण्यासाठी देशातले हे तीन मोठे ट्रॅक लक्षात घ्या: कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा ट्रॅक, आणि बुद्ध सर्किट. यांतलं भोपाळहून सगळ्यात जवळचं बुद्ध. वंदे भारतने राणी कमलापतीहून सकाळी निघालात तर दुपारी हजरत निजामुद्दीनला उतरता. तरीही पहिल्या शिक्षणासाठी मी कारीच सुचवेन. फेरी २.१ किलोमीटरची, सरळ पट्टे आखूड, वेग बेताचे. एकच वळण दिवसभरात पंचवीस-तीस वेळा हाताखालून जातं आणि चुकलं तर पुढच्या दीड मिनिटात पुन्हा सुधारता येतं. हा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा आहे. फॉर्म्युला मारुती गाड्या बांधून सामान्य माणसाला परवडेल असं रेसिंग भारतात आणणारा हा कोइम्बतूरचा माणूस १९९५ मध्ये विमान अपघातात गेला. त्याच परंपरेतली एलजीबी फॉर्म्युला ४ गाडी आजही शिकवायला वापरतात. तिच्यात स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन असतं. ऐकायला साधं वाटतं, पण गाडी इतकी हलकी असते की ब्रेक, गिअर आणि स्टिअरिंगचं खरं काम तिच्यावरच कळतं. चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, वेगवान वळणांचा; तो दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

एका दिवसाच्या प्राथमिक कोर्ससाठी ४० ते ५० हजार रुपये बाजूला ठेवा. दर सांगितला की लगेच विचारा, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा? पन्नास हजारांवर तो नऊ हजार होतो. कोइम्बतूरला केरळ एक्स्प्रेस भोपाळहून थेट जाते, प्रवास जवळपास दीड दिवसाचा. थर्ड एसीने जाऊन-येऊन साडेचार-पाच हजार धरा. दोन रात्री साधं हॉटेल आणि टॅक्सी मिळून सात-आठ हजार. हेल्मेट आणि ओव्हरऑल बहुतेक ठिकाणी शाळेचंच मिळतं. तुम्ही फक्त पातळ तळव्याचे बूट न्या आणि हजार-दीड हजारांचा स्वतःचा बॅलाक्लाव्हा (हेल्मेटखाली घालायची कापडी टोपी) घ्या, कारण दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट घालायचं असतं. एकंदर ६० ते ७५ हजारांत ही सहल बसते.

या दिवसात नेमकं शिकता काय? मुख्यतः ब्रेक. सरळ पट्ट्याच्या शेवटी कडेला १५०, १००, ५० अशा पाट्या असतात, वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या. नवखा माणूस १५० लाच घाबरून पाय ठेवतो, हलका ठेवतो, आणि वळण जवळ येईल तसा दाबत जातो. म्हणजे नेमका उलटा. इन्स्ट्रक्टर सांगतो की पहिला दाब सगळ्यात जोराचा हवा; मग जसं स्टिअरिंग वळेल तसा पाय हळूहळू उचलत यायचं. पुढच्या टायरवर भार टिकतो आणि गाडी वळणाच्या आतल्या टोकाकडे, ज्याला ट्रॅकवर ‘एपेक्स’ म्हणतात तिकडे, स्वतःहून वळते. नजर त्या वेळी पाटीवर नाही, पुढच्या वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर हवी. हे ऐकायला दोन वाक्यं लागतात, पायात उतरायला सकाळची सगळी सेशन्स जातात. पैसे आपण याचे भरतो.

वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. १२० वरून थांबताना ब्रेकला ६० च्या चौपट उष्णता गिळावी लागते, तीही दर मिनिटाला. स्वतःची गाडी घेऊन ट्रॅक-डेला जाणाऱ्यांचा घात इथेच होतो. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं आणि मुरलेल्या तेलाची हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की पेडल सरळ जमिनीला टेकतं. म्हणून जाण्याआधी ब्रेक ऑइल बदलून घ्या. मजुरीसकट दीड हजारांच्या आत काम होतं. पुढचे ब्रेक पॅड साध्या हॅचबॅकला चार ते आठ हजार. टायर निम्म्याहून जास्त झिजलेले असतील तर नवे चार टायर धरा, म्हणजे आणखी पंचवीस-तीस हजार. पेट्रोल भोपाळच्या भावाने लिटरला १०६ रुपयांच्या आसपास. ट्रॅकवर हॅचबॅक लिटरला पाच-सहा किलोमीटर देते, मोठी स्पोर्ट्‌स कार दोन-तीन. ट्रॅकची प्रवेश फी निराळी, त्यासाठी १५ ते २५ हजार धरून चाला. गाडी चालवतच नेली तर बुद्धहून परतीच्या सातशे किलोमीटरला तेच तापलेले ब्रेक आणि तेच टायर असतात, हे विसरू नका.

पण या सगळ्याहून मोठा खर्च दरपत्रकात दिसतच नाही. घरात पडलेली गाडीची पॉलिसी काढा आणि ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टु यूज’ हा भाग वाचा. गाडी भाड्याने देणं, ऑर्गनाइझ्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल या कामांना विमा लागू नाही, असं तिथे छापलेलं असतं. झिरो डेप घेतलं म्हणून हे कलम पुसलं जात नाही. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर नुकसान तुमचं, मग ती सहा लाखांची असो की सव्वा कोटीची. मेडिक्लेमही पाहा. विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरावीक वगळणुकींत ‘एक्सक्लूजन ०९’ आहे. व्यावसायिक म्हणून मोटर रेसिंगसारख्या धोकादायक खेळात भाग घेतल्याने लागणारा उपचार त्यात वगळला जातो. तुम्ही व्यावसायिक नाही, पण कंपनीकडून हे आधीच लेखी घेतलेलं बरं. शाळेची गाडी वापरण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे. तिथेही एक ओळ शोधा: गाडीचं नुकसान झालं तर शिकणाऱ्याकडून जास्तीत जास्त किती वसूल करणार? आकडा लिहिलेला नसेल तर पैसे भरू नका.

‘सुपरकार चालवायला देतो, फोन करा’ अशा जाहिरातींबाबत सावध राहा. भाड्याने स्वतः चालवायला द्यायच्या गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी पैसे घेऊन दिली, तर वर सांगितलेल्या पहिल्याच अटीवर विमा कोसळतो आणि अपघाताचा सगळा भार चालवणाऱ्यावर येऊ शकतो. लँबोर्गिनी, ऑडी, मर्सिडीज-एएमजी या कंपन्यांनी स्वतः बुद्ध सर्किटवर कार्यक्रम केले आहेत. तिथली व्यवस्था चोख असते, पण बोलावणं मुख्यतः गाडीमालकांना आणि घेणाऱ्यांना असतं. दोन दिवस शाळेत घालवल्यावर तिथे गेलात तर त्या साडेसात मिनिटांत तुम्हाला बरंच काही कळेल. आधी गेलात तर फक्त आवाज लक्षात राहील.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्सबद्दलही हमखास विचारलं जातं, कारण ते सर्वांत जवळ. जून २०२१ मध्ये उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटरचा तो लंबगोल ट्रॅक वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी बांधला आहे. एखाद्या क्लबबरोबर जायला मिळालं तर जरूर बघा. वळणं मात्र त्यावर शिकता येत नाहीत, पेडल दाबून धरणं हेच तिथलं काम.

आणि रात्रीचा मोकळा रस्ता म्हणजे फुकटचा ट्रॅक, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्ष किंवा १०,०००. पैशांत हे स्वस्त दिसेल. रस्त्यावर पायी चाललेल्या माणसाने मात्र कुठल्याच कागदावर सही केलेली नसते.

नोंदणी करताना पावसाने दिवस रद्द झाला तर काय, गाडी बिघडून सेशन बुडालं तर काय, ट्रॅकवरची मिनिटं नेमकी किती, इन्स्ट्रक्टर शेजारी बसणार की पिटमधून सांगणार, हे चार प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. फोनवरचा शब्द तक्रारीत उभा राहत नाही. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शाळा कोइम्बतूरची असली, तरी नेहरू नगरातल्या माणसाला भोपाळमध्येच दाद मागता येते.